दोन फुटी टँक आणि शेवाळ: जुलै ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

१४ जुलै, रविवार

मासे आणि पाणवनस्पतींसाठी काचेचा टँक (अ‍ॅक्वेरियम) मांडला. माप २४ × १२ × १५ इंच. हिशोबाने ७० लिटर होतात, पण माती, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात बादल्या मोजून ५५ लिटर पाणी बसलं. पुढे औषधाचा प्रत्येक डोस याच आकड्यावर काढायचा आहे, म्हणून बादल्या मोजा. दुकानदार सांगेल तो आकडा धरू नका.

तळाला चाळलेली कुंडीतली माती आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, सव्वा इंच. त्यावर दीड इंच धुतलेली वाळू. वनस्पती: व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, रोटाला, क्रिप्टोकोरिन वेंडटी, लाकडाला बांधलेली अनुबियास, थोडं जावा मॉस. वर इलेक्ट्रिकच्या दुकानातला ५० वॅटचा पांढरा एलईडी फ्लड लाइट. टायमर सकाळी ११ ते रात्री ९.

खर्च: टँक १,९००, मागे लटकणारा फिल्टर १,१५०, लाइट ६२०, टायमर ३८०, वाळू ४००, गांडूळखत ८०, वनस्पती १,१५०, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट मोजायचं किट १,३००. एकूण ६,९८० रुपये. वाळू धुण्यात अख्खी सकाळ गेली. पंधरा पाण्यांनंतरही गढूळ निघत होती, सोळाव्याला मीच थकलो.

१८ जुलै

पाणी दुधासारखं पांढरट, वर चहाची छटा. अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे किटच्या रंगपट्टीत जवळजवळ टोकाला. गांडूळखत निम्मं घालणं ही पहिली चूक. मातीत मूठ-दोन मूठ पुरलं असतं. नशीब एवढंच की टँकमध्ये एकही मासा नव्हता. दोन बादल्या (३० लिटर) पाणी बदललं. काढलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं. कुंड्या खूश.

२४ जुलै

काचेवर, वाळूवर, हायग्रोफिलाच्या पानांवर तपकिरी पूड. दालचिनी भुरभुरल्यासारखी, बोट लावलं की निघते. हे डायटम, तपकिरी सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये येतंच. काच जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडली, पानं दोन बोटांत धरून पुसली. औषध काही नाही.

क्रिप्टोकोरिनची पानं मात्र वितळताहेत. काचेसारखी पारदर्शक होतात आणि गळून पडतात. जागा बदलली की हे झाड असंच करतं, मुळं जिवंत राहतात. हे मला माहीत होतं, तरी तीनपैकी एक झुडूप उपटून बघितलंच. मुळं पांढरी, टणक. परत लावलं. उपटल्यामुळे खालची माती वर आली ती वेगळीच.

३० जुलै

डायटम ओसरतंय, पण त्याच्या जागी हिरवे केस. रोटालाच्या शेंड्यांवर दोन-तीन सेंटिमीटर लांब, फिल्टरच्या धारेत डुलतात. लांबून बघणाऱ्याला छान वाटतं. मुलगी म्हणाली, "बाबा, गवत उगवलं!"

इथे मी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक केली. झाडं वाढत नाहीत म्हणजे प्रकाश कमी पडतोय, असं ठरवून टायमर १२ तासांवर नेला. झाडांना अजून मुळं धरायची होती. त्यांना तेवढा प्रकाश वापरताच येत नव्हता. शेवाळाला मुळं नसतात, त्याला थांबायचं कारण नाही. पाण्यात अमोनिया, डोक्यावर ५० वॅट.

४ ऑगस्ट, रविवार

पाच दिवसांत रोटाला दिसेनाशी झाली. एक जुना टूथब्रश घेतला आणि काट्यावर शेवया गुंडाळाव्यात तसं केस गुंडाळून काढले. तासाभरात चहाचा मोठा कप भरला. केसांबरोबर रोटालाच्या सहा काड्याही उपटून आल्या.

मग वैतागून एकाच दिवशी तीन गोष्टी केल्या. पाणी ७० टक्के बदललं. लाइट एकदम ५ तासांवर आणला. आणि शेवाळ मारायला 'लिक्विड कार्बन' नावाची बाटली आणली, ४५० रुपये. लेबलवरच्या डोसच्या दुप्पट ओतली. आत असतं ग्लुटारल्डिहाइड. हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन, पातळ केलेलं. हातमोजे घाला, वास घेऊ नका. मी हे दोन्ही केलं नाही, संध्याकाळपर्यंत घसा खवखवत होता.

९ ऑगस्ट

केस निम्म्याने कमी. मात्र व्हॅलिसनेरिया संपली. पानं तळापासून पिवळी, मग चिकट, मग नाहीच. ग्लुटारल्डिहाइड तिला सोसत नाही, हे या छंदातल्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. मी बाटली रिकामी व्हायला आल्यावर विचारलं.

त्याहून वाईट म्हणजे केस कमी कशाने झाले ते सांगता येत नाही. पाण्याने? लाइटने? बाटलीने? तिन्ही एकदम केल्यामुळे आठवडा गेला आणि उत्तर मिळालं नाही. बाटली बंद केली. आता रविवारी एकच बदल करायचा, पुढच्या रविवारपर्यंत दुसरा नाही. वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवलंय. बायको म्हणते हा नियम घरातल्या इतर बाबतींतही चालेल.

११ ऑगस्ट, रविवार. बदल: लाइट

फ्लड लाइट काढून पार्किंगच्या दिव्याच्या जागी लावला. टँकवर दोन फुटी, १० वॅटच्या दोन एलईडी बॅटन, ६५०० केल्व्हिन, प्रत्येकी १८० रुपये. टायमर दुपारी ४ ते रात्री १०, सहा तास. संध्याकाळी घरी असताना टँक उजळलेला दिसतो, हा वरचा फायदा. अकरा वाजता सुरू होणारा लाइट आम्ही ऑफिसात असताना जळत होता आणि बघायला कोणी नव्हतं.

१८ ऑगस्ट. बदल: हॉर्नवर्ट

अमोनिया ०, नायट्राइट ०.५. केस वाढत नाहीत, कमीही होत नाहीत. एका मित्राकडून पिशवीभर हॉर्नवर्ट फुकट मिळालं, ते वर तरंगत सोडलं. हे झाड मातीत लावायची गरज नाही. पाण्यातलं खत थेट ओढून घेतं आणि खाली सावलीही करतं. पहिल्याच दिवशी असं वेगाने वाढणारं काहीतरी भरून टाकायला हवं होतं. मी सावकाश वाढणाऱ्या देखण्या झाडांवर हजारभर रुपये घातले होते.

हॉर्नवर्टची छाटणी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. पुण्यात मुळा-मुठेवर आणि पाषाण तलावावर जलपर्णीचा हिरवा गालिचा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. मी उन्हात वाळवून कुंडीत घालतो.

२५ ऑगस्ट. बदल: पेरॉक्साइड, फक्त अनुबियासवर

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. म्हणजे माशांना विषारी असलेलं अमोनिया आणि नायट्राइट फिल्टरमधले जिवाणू आता संपवतात, टँक मासे ठेवण्याजोगा झाला. हॉर्नवर्ट आठवड्यात हातभर वाढलं. केस स्पष्टपणे विरळ.

अनुबियासच्या जुन्या पानांवर चिकटलेले केस ब्रशने निघत नव्हते. केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, ४० रुपये. इथे एक गोष्ट नीट वाचा. बाहेरच्या देशांतले लोक जे डोस सांगतात ते ३ टक्क्यांच्या बाटलीचे असतात. माझ्या बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं होतं, म्हणजे साधारण ६ टक्के. म्हणून डोस निम्मा. ३ टक्क्यांचं दर चार लिटरला १ मि.ली. धरलं तर ५५ लिटरला १४ होतात. मी ७ मि.ली. घेतलं. फिल्टर बंद, सुई काढलेल्या सिरिंजने पानाजवळ हळूहळू सोडलं. केसांवर लगेच बारीक बुडबुडे. दहा मिनिटांनी फिल्टर चालू केला.

२७ ऑगस्ट

बुडबुडे आले होते ते केस गुलाबी-पांढरे पडले. मॉसवर चुकून थोडं उडालं होतं, तो गोळा तपकिरी झाला. मॉस असलेल्या टँकमध्ये हे जपून.

याच आठवड्यात झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून साखर-यीस्टची बाटलीही लावून बघितली, म्हणजे स्वतःचाच नियम मोडला. दोन लिटरची बाटली, पाव किलो साखर, चिमूटभर यीस्ट, नळी टँकमध्ये. तीन दिवस बुडबुड्यांची रांग, चौथ्या दिवशी मंद, सहाव्या दिवशी बंद. स्वयंपाकघरात ताडीचा वास. आईने बाटली बघितली आणि काही न बोलता मोरीत ओतली. ३५ रुपये गेले. कार्बन डायऑक्साइड असा कधी जास्त, कधी शून्य असण्यापेक्षा अजिबात नसलेला बरा. याचे परिणाम पुढे आले.

१ सप्टेंबर, रविवार. बदल: मासे

सहा झेब्रा डॅनिओ, १२० रुपये. आणि शेवाळ खाणारे म्हणून दोन लांबट मासे, तेही १२०. दुकानदार म्हणाला, "साहेब, आठ दिवसांत काच लख्ख करतील."

घरी आल्यावर नीट पाहिलं. मासा काचेला तोंडाने चिकटून राहतो, ओठांचीच चकती. म्हणजे हा शेवाळ खाण्यासाठी ठेवतात तो सियामीज अल्गी ईटर नाही, चायनीज अल्गी ईटर. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाल्यावर आळशी आणि भांडखोर होतो, इतर माशांच्या अंगाला चिकटतो आणि फूटभराच्या आसपास जातो. खऱ्या सियामीजचं तोंड असं चिकटत नाही, आणि अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. दुकानात हे बघायला एक मिनिट लागलं असतं. 'सकर' नावाने विकतात त्या माशाचंही तेच, दोन फुटी टँकमध्ये तो मावत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांना परत नेऊन दिलं. दुकानदाराने घेतले, पैसे दिले नाहीत.

५ सप्टेंबर

उद्या गणपतीला गावी. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि खाण्याचा डबा दिला. दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर, एवढंच सांगितलं.

१३ सप्टेंबर

गौरी-गणपतीचं विसर्जन करून काल रात्री उशिरा परतलो. दार उघडताच वास. ओल्या मातीचा नाही, नाल्याचा. वाळूवर निळसर हिरवी साय, कडेने सोलता येईल अशी. डॅनिओ सगळे जिवंत, फुगलेले.

काकू स्वतःच आल्या. "अरे, रोज घालत होते बरं का. सणासुदीला त्यांना उपाशी कसं ठेवायचं? आणि दुपारी अंधारात बसलेले असायचे बिचारे, म्हणून ते बटण दाबलं." ते बटण टायमरच्या बाजूचं. ते दाबलं की टायमर बाजूला राहतो आणि लाइट सतत चालू. म्हणजे आठवडाभर चोवीस तास लाइट आणि रोज मूठभर खाणं. डबा अर्धा संपला होता. मी काय बोलणार? मोदक घेऊन आल्या होत्या.

चूक माझीच. डबा द्यायलाच नको होता. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. द्यायचंच असेल तर कागदाच्या पुड्या बांधून, एका पुडीत एका वेळचं.

१५ सप्टेंबर, रविवार. बदल: अंधार

ही साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. शेवाळ म्हणतात पण तो जिवाणू आहे, म्हणून काही लोक अँटिबायोटिक घालतात. मी नाही घातलं. फिल्टरमधले चांगले जिवाणू तयार व्हायला सहा आठवडे लागलेत, शिवाय ते पाणी शेवटी ड्रेनेजमध्येच जातं.

आधी नळीने साय ओढून काढली, ३० लिटर पाण्याबरोबर. फिल्टर उघडला. स्पंज फुगलेल्या खाण्याने गच्च, धार करंगळीएवढी उरलेली. तळाशी पाणी हलतच नव्हतं, सायीला तेच हवं असतं. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळला (नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात). मग हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) लावला, टँक जाड चादरीत गुंडाळला, लाइट बंद, खाणं बंद. तीन दिवस. मुलीने चादरीवर 'मासे झोपलेत' असा कागद चिकटवला.

१८ सप्टेंबर

चादर काढली. साय नाही. वाळू करडी, स्वच्छ. पुन्हा ३० लिटर बदललं, कारण जे मेलं ते पाण्यातच विरघळलेलं असतं. हॉर्नवर्टची काही पानं गळली, बाकी झाडांना काहीच झालं नाही. क्रिप्टोकोरिनला नवी पानं आहेत, आधीपेक्षा बुटकी आणि तपकिरी. आणि वाळूतून एक हिरवी पट्टी वर आली आहे. व्हॅलिसनेरिया! कुठलं तरी मूळ उरलं होतं.

२२ सप्टेंबर

अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे झुपके, अर्धा सेंटिमीटर. हे काळी दाढी म्हणतात ते शेवाळ, पुसून जात नाही. माझा संशय साखर-यीस्टच्या त्या आठवड्यावर आहे, कार्बन डायऑक्साइड वरखाली झाला की हीच उगवते असा बहुतेकांचा अनुभव. जास्त भरलेली चार पानं देठापासून कापली. एक झुपका फिल्टरच्या पाइपावरही आहे, तो ठेवला.

बदल: दहा रेड चेरी कोळंब्या, ४०० रुपये. एक तास पिशवी तरंगत ठेवून, दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी घालत सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉसमध्ये सगळ्या कामाला लागलेल्या. उरलेल्या बारीक केसांचा त्यांनी दोन आठवड्यांत फडशा पाडला. कोळंब्या आल्यावर पेरॉक्साइड आणि तांबं असलेली औषधं बंद.

६ ऑक्टोबर, रविवार

कोडं. डाव्या बाजूच्या काचेवर हिरवे ठिपके आणि वाळूवर हिरवा थर, फक्त डावीकडे. उजवी बाजू आरशासारखी. लाइट तोच, पाणी तेच, फिल्टरची धार उलट डावीकडेच जास्त. बुधवारपासून विचार करतोय. नायट्रेट १०, अमोनिया ०.

८ ऑक्टोबर

आज तब्येतीमुळे घरी होतो म्हणून उलगडा झाला. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टँकच्या डावीकडच्या एक तृतीयांश भागावर पडते आणि सव्वापाचपर्यंत हलत नाही. टँक मांडला जुलैत. पावसाळाभर ढग होते, ऊन घरात आलंच नाही, म्हणून मला वाटलं ही जागा सुरक्षित आहे. पावसाळ्यात टँकची जागा ठरवू नका. ठरवावी लागलीच तर ऑक्टोबर हीटची आठवण काढून ठरवा.

७० लिटरचा भरलेला टँक हलवणं शक्य नाही. डाव्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर, २० रुपये. खिडकीला बायकोची जुनी गडद ओढणी.

२० ऑक्टोबर

डावीकडचे ठिपके प्लॅस्टिकच्या कार्डाने निघेनात, ब्लेडने खरवडले. दोन आठवड्यांत नवे आले नाहीत. रोटाला पाण्याच्या वर डोकावतेय, पहिली खरी छाटणी केली. कापलेले शेंडे तिथेच लावले.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे चार दिवस पुन्हा गावी होतो. या वेळी काकूंना फक्त किल्ली दिली, डबा कपाटात. टायमरच्या बटणावर चिकटपट्टी. परतलो तेव्हा टँक होता तसाच, डॅनिओ थोडे जास्त चपळ.

खर्चाचा हिशोब: सुरुवातीच्या ६,९८० वर आणखी १,५४५, एकूण ८,५२५ रुपये. त्यातले बाटली, चुकीचे मासे आणि यीस्ट मिळून ६०५ अक्षरशः पाण्यात गेले. फ्लड लाइटचे ६२० पार्किंगच्या कामी आले, सोसायटीचे लोक खूश आहेत. वेळ मोजला तर ब्रश, खरवडणं, पाणी यात आठवड्याला चार तास जात होते, आता पाऊण तास पुरतो.

सध्याचं वेळापत्रक: रविवारी ३० लिटरऐवजी एकच बादली, १५ लिटर, क्लोरीन घालवायचे थेंब टाकून. हॉर्नवर्टची छाटणी. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा. लाइट सहा तास. सात करून बघायचा मोह होतोय, पण तो पुढच्या रविवारचा बदल.

पाइपावरचा काळा झुपका अजून आहे, सप्टेंबरमध्ये होता तेवढाच. तो घासत नाही. टँकमध्ये काही बिघडलं तर सर्वांत आधी तोच वाढेल.